लीज आणि लायसन्स : दोन शब्द, एक खोली आणि हक्काचा प्रश्न

करावे, प्रतिनिधी : पाम बीच मार्गालगतच्या करावे गावात खोली भाड्याने घ्यायची म्हटली, की दोन इंग्रजी शब्द हमखास कानांवर पडतात. इस्टेट एजंट म्हणतो, ‘अकरा महिन्यांचे लीज करून टाकू.’ घरमालक सांगतो, ‘आम्ही लायसन्सवर देतो.’ सहीसाठी पुढे येणाऱ्या कागदाच्या माथ्यावर मात्र छापलेले असते ‘लीव्ह अँड लायसन्स’. तिघेही एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत, असे समजून नवा राहणारा डिपॉझिट मोजतो आणि किल्ली घेतो. रोजच्या बोलण्यात हा घोळ खपून जातो. वाद उभा राहिला की खपत नाही. कारण हे दोन्ही शब्द दुसऱ्याच्या जागेत राहण्याविषयीचे असले, तरी त्यांपैकी एकाने जागेवर हक्क मिळतो आणि दुसऱ्याने केवळ परवानगी.

हा फरक समजून घेण्यास करावेसारखे दुसरे ठिकाण नाही. नवी मुंबई उभारण्यासाठी १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. त्याच वर्षी मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली. आगरी आणि कोळी समाजाची ही गावे तोवर भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगत होती. शेती गेली, खाडीचे उत्पन्न घटले आणि गावठाणातल्या घरांच्या खोल्या हाच अनेक कुटुंबांचा आधार झाला. त्यामुळे खोलीत राहायला आलेल्यासाठी ‘लायसन्स’ हा शब्द महत्त्वाचा, तर संपादित जमिनीच्या मोबदल्यात भूखंड मिळालेल्या गावकऱ्यासाठी ‘लीज’ हा शब्द महत्त्वाचा. पुष्कळदा एकच माणूस या दोन्ही शब्दांशी बांधलेला असतो.

शब्दांचे कूळ

‘लीज’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी सोडणे, सैल करणे असा अर्थ आहे. जमिनीचा धनी आपली पकड काही काळापुरती सैल करतो आणि जागा दुसऱ्याच्या हाती सोडतो, ही त्यामागची कल्पना. मराठीत त्याला भाडेपट्टा हा चांगला रुळलेला शब्द आहे.

‘लायसन्स’चे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि तेथे अर्थ आहे मुभा असणे, परवानगी असणे. वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी आपण हाच शब्द वापरतो. परवाना नसताना गाडी चालवणे हा गुन्हा ठरतो. परवाना मिळाला की तीच कृती कायदेशीर होते. मात्र त्या परवान्याने रस्त्यावर कोणाचा हक्क प्रस्थापित होत नाही. घराच्या बाबतीतही लायसन्सचा अर्थ नेमका एवढाच आहे.

खरी फसगत होते ती ‘लीव्ह’ या शब्दाने. शाळेत शिकलेल्या इंग्रजीप्रमाणे अनेक जण त्याचा अर्थ ‘सोडून जाणे’ असा लावतात आणि मुदत संपली की घर सोडायचे म्हणून हे नाव, असे समजतात. प्रत्यक्षात येथे ‘लीव्ह’ म्हणजे अनुमती. हा जुन्या इंग्रजीतील वेगळाच शब्द असून त्याचा निघून जाण्याशी संबंध नाही. नोकरीतली ‘लीव्ह’ही तीच, म्हणजे गैरहजर राहण्याची परवानगी. मराठी माणसाला हे समजणे अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडे ‘रजा’ या शब्दाची कथा हुबेहूब अशीच आहे. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ संमती. राजी आणि राजीनामा हे शब्द त्याच कुळातले. निरोप घेताना ‘आता रजा द्या’ म्हणतो तेव्हा आपण परवानगीच मागत असतो. तेव्हा ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणजे अनुमती आणि परवानगी. एकाच अर्थाचे दोन शब्द जोडून लिहिण्याची इंग्रजी वकिलांची जुनी सवय त्यात दिसते.

कायद्यातील व्याख्या

भारतात या दोन शब्दांच्या व्याख्या दोन वेगळ्या कायद्यांत आहेत आणि योगायोगाने दोन्ही कायदे १८८२ सालचे आहेत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ नुसार लीज म्हणजे स्थावर मालमत्तेचा उपभोग घेण्याच्या हक्काचे हस्तांतरण. ते ठरावीक मुदतीसाठी किंवा कायमचे असू शकते आणि त्याबद्दल एकरकमी किंवा नियमित मोबदला द्यायचा असतो. यातील कळीचा शब्द हस्तांतरण हा आहे. मालकाच्या हक्कांचा एक तुकडा खरोखर दुसऱ्याकडे जातो.

लायसन्सची व्याख्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. परवानगी नसती तर जी गोष्ट दुसऱ्याच्या जागेत करणे बेकायदा ठरले असते, ती करण्याची मुभा म्हणजे लायसन्स. या मुभेमुळे त्या मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, हे त्या व्याख्येतच नमूद आहे.

घर विकले तर? धनी वारला तर?

पुस्तकातला हा फरक चार प्रसंगांत ठळकपणे दिसतो. पहिला प्रसंग घर विकण्याचा. मुदत चालू असताना मालकाने घर विकले, तर लीज नव्या मालकावरही बंधनकारक राहते. तो जुन्या मालकाच्या जागी येतो, एवढेच. लायसन्सचे तसे नाही. जुन्या मालकाने दिलेली परवानगी पाळण्याचे बंधन केवळ घर विकत घेतले म्हणून नव्या मालकावर येत नाही.

दुसरा प्रसंग मृत्यूचा. लीज हा मालमत्तेतील हक्क असल्याने उरलेल्या मुदतीपुरता तो सर्वसाधारणपणे वारसांकडे जाऊ शकतो. परवानगी ही व्यक्तीला दिलेली असते आणि ती त्या व्यक्तीपुरतीच राहते.

तिसरा प्रसंग जागा दुसऱ्याला देण्याचा. १८८२ च्या कायद्यात, करारात मनाई नसेल तर, लीजधारक पोटभाडेकरू ठेवू शकतो. महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्याने मात्र त्याला मोठा आळा घातला आहे. लायसन्सधारकाला असा अधिकार मुळातच नाही. याला कायद्याने केलेला अपवाद गमतीदार आहे, तो म्हणजे करमणुकीच्या ठिकाणचा प्रवेश. नाटकाचे तिकीट हेसुद्धा एक लायसन्सच आहे. खुर्चीवर आपली मालकी नसते, तीन तास बसण्याची मुभा असते. पण तिकीट मित्राला देता येते. घराची किल्ली तशी देता येत नाही.

चौथा प्रसंग सर्वांत नाजूक, मुदत संपण्याचा. भाडेकरूला भाडे कायद्याचे संरक्षण असेल, तर केवळ मुदत संपली म्हणून त्याला घराबाहेर काढता येत नाही. कायद्यात सांगितलेल्या कारणांपैकी एखादे कारण मालकाला न्यायालयात सिद्ध करावे लागते. लायसन्सची मुदत संपली, की राहण्याचा आधारच संपतो. तरीही लायसन्सधारकाला वाऱ्यावर सोडलेले नाही. परवानगी मागे घेतली गेल्यास जागा रिकामी करून सामान हलवण्यासाठी त्याला वाजवी वेळ मिळाला पाहिजे, असे सुविधाधिकार कायदा सांगतो. पैसे भरून मिळवलेली परवानगी त्याचा दोष नसताना मुदतीआधीच संपवून त्याला बाहेर काढले, तर तो भरपाई मागू शकतो. रात्रीत कुलूप बदलण्याचा किंवा सामान जिन्यात काढून ठेवण्याचा अधिकार मालकाला ‘लायसन्स’ या शब्दाने मिळत नाही.

नाव मोठे की आशय?

मग कागदावर ‘लायसन्स’ असे लिहिले की काम झाले का? न्यायालयांनी याचे उत्तर सर्वसाधारणपणे नकारार्थी दिले आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे १९५९ मध्ये आलेले असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर हे प्रकरण त्यासाठी आजही आधाराला घेतले जाते. दिल्लीच्या इम्पिरियल हॉटेलमधील दोन खोल्या केशकर्तनाच्या व्यवसायासाठी दिल्या होत्या आणि करारात त्या व्यवहाराला लायसन्स म्हटले होते. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्या निकालात कसोट्या मांडल्या. कागदाच्या बाह्य रूपापेक्षा आशय पाहावा, दोन्ही पक्षांचा हेतू शोधावा, मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत असेल तर ते लीज समजावे आणि जागेचा संपूर्ण ताबा दिलेला असेल तर प्रथमदर्शनी तो भाडेकरू मानावा, असे त्यांचे सार सांगता येईल. त्या व्यवहारात लीजच निर्माण झाले, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

इंग्लंडमध्ये १९८५ साली स्ट्रीट विरुद्ध माउंटफोर्ड या खटल्यात असाच प्रश्न आला. आठवड्याला ३७ पौंड देऊन खोलीत राहणाऱ्या महिलेकडून ‘हे लायसन्स आहे’ अशी सही घेतली होती. संपूर्ण ताबा, ठरावीक मुदत आणि भाडे या गोष्टी असतील तर नाव काहीही द्या, ते भाडेकरारच होय, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायपीठाने दिला. लॉर्ड टेम्पलमन यांनी दिलेला दाखला प्रसिद्ध आहे. खणण्यासाठी पाच दातांचे अवजार बनवायचे आणि त्याला फावडे म्हणायचे, याने ते फावडे होत नाही, असा त्याचा आशय.

मुंबईने शिकवलेला धडा

महाराष्ट्रात मात्र या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले आणि त्याचे कारण मुंबईच्या घरांच्या इतिहासात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूंना भक्कम संरक्षण दिले आणि भाडी गोठवली. ओसरी दिली तर राहणारा हातपाय पसरेल, या धास्तीने घरमालकांनी ‘भाडेकरू’ हा शब्दच टाळला आणि ‘लीव्ह अँड लायसन्स’ची वाट धरली. पाव्हणा म्हणून ठेवलेला माणूस वर्षानुवर्षे राहू लागला. अखेर १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. एका तारखेने असंख्य लोकांच्या डोक्यावरचे छप्पर पक्के झाले. दुसरीकडे, रिकामे घर कुलूप लावून ठेवलेले बरे, अशी भावना मालकांत बळावली.

या दोन टोकांमधून वाट काढण्याचा प्रयत्न महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने केला. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ नुसार राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत केली नाही, तर मालक दिवाणी दाव्याच्या लांब रांगेत न थांबता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. मुदतीनंतर अडून राहणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. याहून महत्त्वाचे म्हणजे, अशा प्रकरणात लायसन्सचा लेखी करार हाच त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. इतरत्र न्यायालये नावाच्या पलीकडे जाऊन आशय शोधतात. येथे राहत्या घराच्या बाबतीत कागदावरचा शब्दच बरेच काही ठरवून टाकतो. म्हणून सही करण्यापूर्वी तो शब्द वाचणे गरजेचे.

अकरा महिन्यांचा गैरसमज

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हे वाक्य नवी मुंबईत आजही सहज ऐकू येते. त्याचे मूळ जुन्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या लीजची नोंदणी सक्तीची होती, म्हणून एक महिना कमी करून ती टाळण्याची प्रथा पडली. महाराष्ट्रात २००० पासून ही पळवाट उरलेली नाही. नव्या कायद्याच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स असो की भाडेकरार, मुदत कितीही असो, तो लेखी असला पाहिजे आणि नोंदलाही गेला पाहिजे. ही जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय नोंदलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. खोलीच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या वृद्ध जोडप्याने हजार-दीड हजार रुपये वाचवण्यासाठी नोंदणी टाळली, तर ‘लायसन्स’ या शब्दाने मिळणारे संरक्षण ते स्वतःच घालवून बसते.

हा खर्च खरोखरच फार नसतो. पाच वर्षांपर्यंतच्या लायसन्सवर मुद्रांक शुल्क लागते ते मुदतीतील एकूण शुल्क आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वार्षिक १० टक्क्यांनी मानलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. समजा, महिना १५ हजार रुपये, अनामत ५० हजार आणि मुदत ११ महिने आहे. एकूण रक्कम १ लाख ६५ हजार, त्यावर सुमारे ४,५८३ रुपये मानलेले व्याज. म्हणजे मुद्रांक शुल्क सुमारे ४२५ रुपये. शहरी भागात नोंदणी फी १ हजार रुपये. त्याच घरासाठी लीज करायचे ठरवले, तर हिशेबच बदलतो. पाच वर्षांपर्यंतच्या लीजसाठी घराच्या बाजारमूल्याच्या १० टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने शुल्क आकारले जाते. घराचे मूल्य ६० लाख आणि दर ६ टक्के धरल्यास ते ३६ हजार रुपये होते. हक्क हस्तांतरित होतो म्हणून शासन अधिक शुल्क घेते. केवळ परवानगी असेल तर नाममात्र. दोन शब्दांतील अंतर येथे रुपयांत मोजता येते.

नोटरीपुढे केलेला करार म्हणजे नोंदणी नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवे. राहणाऱ्याची माहिती पोलिस ठाण्यात देणे हे सुरक्षेसाठी आहे. त्याने करार नोंदला जात नाही.

ज्यांची जमीन, तेच परवानगीधारक

आता या शब्दांची दुसरी बाजू. नवी मुंबईत सिडको भूखंड विकते, असे आपण म्हणतो, पण मूळ करारांत तो विकलेला नसतो. बहुतांश ठिकाणी ६० वर्षांच्या लीजवर दिलेला असतो. त्यातही पहिल्या दिवसापासून लीज सुरू होत नाही. आधी ‘लीज देण्याचा करार’ होतो आणि त्यात भूखंड घेणाऱ्याचा उल्लेख लायसन्सधारक असा असतो. जागेत जाऊन ठरलेल्या मुदतीत बांधकाम करण्याची ती परवानगी असते. बांधकाम रीतसर पूर्ण झाल्यावरच लीजचा दस्त होतो. म्हणजे एकाच भूखंडाच्या वाटचालीत आधी लायसन्स येते आणि मागाहून लीज. या काळात भूखंड दुसऱ्याच्या नावे करायचा तर सिडकोची संमती आणि हस्तांतरण शुल्क यांचा प्रश्न येतो, कारण परवानगी हातोहात देता येत नाही.

साडेबारा टक्के योजनेतील भूखंडांनाही हेच लागू आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना देण्याचे धोरण आले. सामाजिक सुविधांसाठीचा वाटा वजा जाता हातात पडतात ते ८.७५ टक्के. पण जी जमीन पिढ्यान्पिढ्या घराण्याच्या नावावर होती, तिच्या बदल्यात मिळालेल्या या तुकड्यावर शेतकऱ्याचे नाव आधी लायसन्सधारक म्हणून लागते आणि नंतर लीजधारक म्हणून. मालक हा शब्द सिडकोकडेच राहतो. गावकऱ्यांच्या मनातील सल केवळ क्षेत्रफळाचा नाही. या शब्दाचाही आहे. लीजची मुदत आणि पूर्ण मालकी हे विषय नवी मुंबईत वारंवार का पेटतात, याचे उत्तर येथे सापडते.

करावेतील एखादे घर डोळ्यांसमोर आणले, तर हे सारे एका जिन्यात पाहता येते. तळमजल्यावर राहणारे कुटुंब आपल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे लीज कधी होणार, याची चौकशी करत असते. वरच्या खोलीत रुग्णालयात काम करणारी परिचारिका किंवा कंपनीत लागलेला तरुण लायसन्सची मुदत वाढेल का, या विवंचनेत असतो. खालच्या माणसाला परवानगीवरून हक्काकडे जायचे आहे. त्याच माणसाला वरच्याची परवानगी हक्क होऊ नये, असे वाटते. दोघांचेही वाटणे समजण्यासारखे आहे आणि दोघांचेही हित कागद नीट वाचण्यात आहे.

त्यासाठी वकील होण्याची गरज नाही. कागदावर लीज आहे की लायसन्स, मुदत कोणत्या तारखेला संपते, मुदतीआधी जागा सोडायची किंवा परत घ्यायची तर किती दिवसांची सूचना, अनामत रक्कम केव्हा परत मिळणार आणि करार नोंदला गेला आहे का, हे पाच प्रश्न विचारले तरी पुरे. करार इंग्रजीत असेल, तर ‘यातून मला हक्क मिळतो की परवानगी?’ हा सहावा प्रश्न मराठीत विचारावा. उत्तर देणारा अडखळला, तर सही करण्याची घाई करू नये.